नित्य वापरातील प्रकाशस्रोतांचे उत्सर्जन वर्णपट : एक तुलनात्मक परिचय

सारांश

डोळ्यांना सारखेच पांढरे भासणारे दोन दिवे प्रत्यक्षात अगदी भिन्न तरंगलांबींचे मिश्रण असू शकतात. प्रस्तुत लेखात समईची ज्योत, तापदीप्त बल्ब, सोडियम व पारा बाष्पदीप, ट्यूबलाईट, सीएफएल, टेस्टरमधील निऑन दीप आणि पांढरा एलईडी या परिचित प्रकाशस्रोतांच्या उत्सर्जन वर्णपटांची तुलना केली असून प्रत्येक वर्णपटामागील भौतिक कारण स्पष्ट केले आहे. जुन्या सीडीच्या साहाय्याने हे वर्णपट कसे पाहता येतात आणि त्या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या, हेही सांगितले आहे. शेवटी प्रयोगशाळा, चित्रकला वर्ग व ग्रंथालय यांसाठी दिव्यांची निवड करताना वर्णपटाचा विचार का आवश्यक ठरतो, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : उत्सर्जन वर्णपट, तरंगलांबी, विवर्तन जालक, फॉस्फर, एलईडी, रंगदर्शन निर्देशांक.

१. प्रस्तावना

जानेवारी २०१५ मध्ये केंद्र शासनाने 'उजाला' ही योजना सुरू केली आणि तिच्याद्वारे पुढील काही वर्षांत देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वितरित झाले. त्याच सुमारास रस्त्यांवरील दिवे बदलण्याचाही राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेण्यात आला. परिणामी घरातील पिवळा बल्ब, कार्यालयातील जाड ट्यूबलाईट आणि रस्त्यावरील नारिंगी सोडियम दिवा ही तिन्ही साधने एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत मागे पडली. महाविद्यालयेही या बदलाला अपवाद नाहीत. वर्गखोल्या, प्रयोगशाळा, ग्रंथालये आणि वसतिगृहे येथील दिवे टप्प्याटप्प्याने बदलले गेले आहेत, आजही बदलले जात आहेत.

हा बदल विजेच्या बचतीच्या दृष्टीने निःसंशय हितकारक आहे. तथापि दिवे खरेदी करताना सामान्यतः वॅट, ल्युमेन, किंमत आणि हमीचा कालावधी एवढ्याच बाबी पाहिल्या जातात. वॅट या आकड्यावरून दिवा किती वीज घेतो हे कळते. ल्युमेनवरून मानवी डोळ्याला एकूण किती प्रकाश जाणवेल हे कळते. परंतु तो प्रकाश कोणकोणत्या तरंगलांबींचा बनला आहे, हे या दोन्ही आकड्यांवरून कळत नाही. ती माहिती केवळ वर्णपटातून मिळते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील अनुमापन, चित्रकलेच्या वर्गातील रंगसंगती, वनस्पतिशास्त्रातील प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग आणि ग्रंथालयातील जुन्या हस्तलिखितांचे आयुष्य या सर्वांचा संबंध ल्युमेनपेक्षा वर्णपटाशी अधिक आहे. म्हणूनच हा विषय केवळ भौतिकशास्त्राच्या अध्यापकांपुरता मर्यादित राहू नये, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

२. वर्णपट : संकल्पना व पूर्वपीठिका

सूर्यप्रकाश लोलकातून जाऊ दिला असता तो तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या रंगांत विभागला जातो, हे न्यूटन यांनी १६६६ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून दाखविले आणि १६७२ मध्ये प्रसिद्ध केले. हे रंग लोलक निर्माण करीत नाही, ते मूळ प्रकाशातच असतात, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होय. १८०२ मध्ये वोलॅस्टन यांना सौर वर्णपटात काळ्या रेषा आढळल्या. १८१४ पासून फ्राउनहोफर यांनी त्यांचे पद्धतशीर मापन केले व ठळक रेषांना अक्षरे दिली. १८५९-६० मध्ये किर्खोफ व बुन्सेन यांनी प्रत्येक मूलद्रव्याची स्वतःची अशी रेषांची ओळख असते हे प्रस्थापित केले आणि त्या आधारे सीझियम व रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधून काढली.

या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण भारतीय भूमीवर घडले. १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दख्खनमधून गेला होता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून, तर लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी जमखंडी येथून सौरज्वालांच्या वर्णपटाचे निरीक्षण केले. त्यात दिसलेली पिवळी तेजस्वी रेषा प्रथमदर्शनी सोडियमची वाटण्याजोगी होती. परंतु तिची तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर, म्हणजे सोडियमच्या जवळच्या रेषेपेक्षा जेमतेम दीड नॅनोमीटरने कमी असल्याचे पुढे निश्चित झाले. ही रेषा 'हेलियम' या तोपर्यंत अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची होती. पृथ्वीवर हेलियमचे अस्तित्व रॅम्से यांनी १८९५ मध्ये सिद्ध केले. महाराष्ट्रात या शोधाच्या संदर्भात विजयदुर्ग किल्ल्याशी नॉर्मन लॉकियर यांचे नाव जोडले जाते. प्रत्यक्षात लॉकियर यांनी आपले निर्णायक निरीक्षण २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून केले होते. दीड नॅनोमीटरच्या अंतराने एका नव्या मूलद्रव्याची वार्ता द्यावी, यातच वर्णपटाचे सामर्थ्य दिसून येते.

वर्णपटांचे स्थूलमानाने तीन प्रकार मानले जातात. तप्त घन पदार्थ सर्व तरंगलांबींचा प्रकाश देतो. त्याचा वर्णपट अखंड असतो. विरळ वायूतील सुटे अणू ठराविक ऊर्जापातळ्यांमधील संक्रमणांमुळे ठराविक तरंगलांबीच देतात; हा रेषीय वर्णपट होय. रेणूंच्या बाबतीत कंपन व परिवलन यांच्या पातळ्यांमुळे असंख्य रेषा एकमेकींजवळ येऊन पट्ट वर्णपट तयार होतो. दैनंदिन वापरातील दिव्यांत या प्रकारांची मिश्रणेही आढळतात. किंबहुना आधुनिक दिव्यांचा इतिहास म्हणजे अशी मिश्रणे साधण्याचा इतिहास आहे, असे म्हणता येईल.

३. निरीक्षणाची सुलभ पद्धत

महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील वर्णपटमापक व विवर्तन जालक उपलब्ध असल्यास उत्तमच. परंतु प्राथमिक तुलनेसाठी निरुपयोगी झालेली सीडीदेखील पुरेशी ठरते. सीडीवरील नोंदींची सर्पिल रेघ १.६ मायक्रोमीटर अंतराने पुनःपुन्हा येते. म्हणजेच एका मिलिमीटरमध्ये ६२५ रेघा असतात आणि सीडी परावर्तन जालकाप्रमाणे कार्य करते. प्रकाश लंबरूप पडत असल्यास पहिल्या कोटीत ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश सुमारे १६.३ अंशांवर, ५८९ नॅनोमीटरचा पिवळा सुमारे २१.६ अंशांवर आणि ६५० नॅनोमीटरचा तांबडा सुमारे २४ अंशांवर मिळतो. पुठ्ठ्याच्या बंद खोक्याच्या एका बाजूस दाढीच्या पात्याच्या दोन तुकड्यांमध्ये अरुंद फट ठेवावी, समोरच्या बाजूस सीडीचा तुकडा तिरका बसवावा आणि वरच्या छिद्रातून पाहावे, एवढीच रचना पुरे होते. या साधनातून सूर्याकडे थेट पाहणे डोळ्यांना घातक आहे. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटासाठी उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदाकडे फट वळवावी.

या पद्धतीची मर्यादा समजून घेणे अध्यापनाच्या दृष्टीने उपयुक्त आहे. सोडियमच्या ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर या दोन रेषा वेगळ्या दिसण्यासाठी पहिल्या कोटीत जालकाच्या सुमारे १००० रेघा प्रकाशित होणे आवश्यक असते. सीडीचा १.६ मिलिमीटर रुंदीचा भागही त्यासाठी तत्त्वतः पुरेसा आहे. असे असूनही खोक्यात ती जोडी एकच रेषा म्हणून दिसते. याचे कारण सीडीत नसून फटीत आहे. पाव मिलिमीटर रुंदीची फट पंचवीस सेंटिमीटर अंतरावर ठेवली, तर तिच्या कोनीय रुंदीमुळेच सुमारे दीड नॅनोमीटरची अस्पष्टता निर्माण होते. फट अरुंद करावी तर प्रकाश कमी होतो. प्रत्येक वर्णपटमापकाला ही तडजोड करावी लागते.

मोबाईलच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्रावरून तरंगलांबी ठरविता येते. त्यासाठी सीएफएलच्या वर्णपटातील पाऱ्याच्या ४३५.८ व ५४६.१ नॅनोमीटर या दोन ज्ञात रेषा आधार म्हणून घ्याव्यात. समजा, छायाचित्रात या रेषा अनुक्रमे ४०० व्या व ८४० व्या बिंदूवर आल्या, तर ४४० बिंदूंमध्ये ११०.३ नॅनोमीटर, म्हणजे प्रत्येक बिंदूस सुमारे ०.२५ नॅनोमीटर असे प्रमाण मिळते. मग १०१० व्या बिंदूवरील अज्ञात रेषा ५८८.७ नॅनोमीटरच्या आसपासची, म्हणजे सोडियमची असल्याचे अनुमान करता येते. मात्र रेषांच्या तीव्रतेची तुलना अशा छायाचित्रावरून करू नये. कॅमेऱ्यातील तीन रंगांच्या गाळण्या, प्रतिमेवरील स्वयंचलित प्रक्रिया आणि अवरक्त किरण रोखणारा थर यांमुळे तीव्रतेचे मूळ प्रमाण टिकत नाही. स्थान विश्वसनीय आणि तीव्रता अविश्वसनीय, हे सूत्र विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे अगत्याचे आहे.

४. प्रमुख प्रकाशस्रोत व त्यांचे वर्णपट

४.१ ज्योत

समई, निरंजन किंवा मेणबत्ती यांच्या ज्योतीचा पिवळा प्रकाश हा जळणाऱ्या वायूचा नसून ज्योतीतील काजळीच्या तप्त सूक्ष्म कणांचा असतो. कण घन असल्याने वर्णपट अखंड मिळतो. निळ्या भागाकडे तो झपाट्याने क्षीण होत जातो. याउलट स्वयंपाकाच्या गॅसच्या निळ्या ज्योतीत काजळी जवळजवळ नसते. तेथे कार्बन-हायड्रोजन आणि कार्बन-कार्बन या अल्पजीवी रेणूंचे पट्टे दिसतात. त्यांपैकी ४३१ व ५१६ नॅनोमीटरजवळचे पट्टे ठळक असतात. भाताची पेज किंवा मिठाचे पाणी उतू जाऊन बर्नरवर पडले की हीच ज्योत क्षणभर पिवळी होते. हा पिवळा रंग समईच्या पिवळ्या रंगाहून सर्वस्वी वेगळ्या कारणाचा आहे. तो सोडियमच्या रेषेचा आहे. दोन पिवळ्या ज्योतींपैकी एकीचा वर्णपट अखंड आणि दुसरीचा जवळजवळ एकाच रेषेचा, हा भेद केवळ वर्णपटमापकातूनच स्पष्ट होतो.

४.२ तापदीप्त बल्ब

टंगस्टनची तार सुमारे २७०० केल्व्हिन तापमानाला प्रकाशते. वीनच्या नियमानुसार तिच्या उत्सर्जनाचे शिखर सुमारे १०७० नॅनोमीटरवर, म्हणजे अवरक्त विभागात येते. त्यामुळे विजेचा बहुतांश भाग उष्णतेच्या रूपाने जातो आणि दृश्य प्रकाशाच्या वाट्याला जेमतेम दहाव्या हिश्श्याहूनही कमी ऊर्जा येते. प्रतिवॅट दहा ते पंधरा ल्युमेन एवढीच या बल्बची कार्यक्षमता असते. दृश्य विभागात मात्र त्याच्या वर्णपटात कोठेही खंड नाही. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत तो एकसारखा चढत जातो. या बल्बखाली निळा रंग थोडा मंद दिसला, तरी कोणताही रंग अजिबात गायब होत नाही. सूर्याच्या पृष्ठभागाचे परिणामी तापमान सुमारे ५७७० केल्व्हिन असल्याने त्याच्या उत्सर्जनाचे शिखर सुमारे ५०० नॅनोमीटरवर, दृश्य विभागात येते, ही तुलना येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

४.३ सोडियम बाष्पदीप

न्यूटनच्या वलयांचा प्रयोग केलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास ५८९३ अँगस्ट्रॉम हा आकडा परिचित असतो. प्रयोगशाळेतील कमी दाबाच्या सोडियम दिव्यातील बहुतेक सर्व दृश्य प्रकाश वर उल्लेखिलेल्या दोन रेषांत एकवटलेला असतो. सोडियमच्या बाह्य इलेक्ट्रॉनची उत्तेजित पातळी इलेक्ट्रॉनच्या परिवलनामुळे किंचित दुभंगलेली असल्याने रेषा एक न राहता दोन होतात. मानवी डोळ्याची दिवसाची संवेदनक्षमता ५५५ नॅनोमीटरला सर्वाधिक असते आणि सोडियमची रेषा तिच्यापासून फार दूर नाही. या दिव्यांच्या उच्च कार्यक्षमतेचे हे एक प्रमुख कारण होय.

रस्त्यांवर दीर्घकाळ वापरले गेलेले दिवे मात्र उच्च दाबाचे होते. दाब वाढला की अणूंच्या परस्पर आघातांमुळे रेषा रुंदावतात आणि इतर रेषाही उठून दिसू लागतात. त्याशिवाय दिव्याच्या मध्यभागातून निघालेला ५८९ नॅनोमीटरचा प्रकाश कडेच्या तुलनेने थंड बाष्पात शोषला जातो. त्यामुळे जेथे सर्वाधिक तेज असावे नेमक्या त्याच जागी काळी रेषा दिसते. यास आत्मशोषण म्हणतात. फ्राउनहोफर यांनी सौर वर्णपटात 'डी' या अक्षराने नोंदविलेल्या काळ्या रेषेचे कारण तत्त्वतः हेच आहे. सौर वातावरणात घडणारी प्रक्रिया विद्यार्थ्यांना रस्त्यावरील दिव्यात पाहता यावी, ही अध्यापनाच्या दृष्टीने मोठीच सोय होती.

४.४ पारा बाष्पदीप, ट्यूबलाईट आणि सीएफएल

पाऱ्याच्या बाष्पाच्या दृश्य विभागातील ठळक रेषा ४०४.७, ४३५.८, ५४६.१ तसेच ५७७.० व ५७९.१ नॅनोमीटर या होत. तांबड्या भागात ठळक रेषा नसल्याने उघड्या पारा दिव्याखाली माणसाचा चेहरा निस्तेज, हिरवट दिसतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी फेब्रुवारी १९२८ मध्ये आपला परिणाम दाखविण्यासाठी पाऱ्याच्याच दिव्याचा उपयोग केला. आपाती प्रकाश मोजक्या सुट्या रेषांचा असल्यानेच विकिरित प्रकाशातील नव्या, अतिक्षीण रेषा ओळखता आल्या. अखंड वर्णपटाच्या प्रकाशात त्या झाकल्या गेल्या असत्या.

ट्यूबलाईटमध्ये पाऱ्याचे बाष्प कमी दाबाखाली असते आणि त्याचे मुख्य उत्सर्जन २५३.७ नॅनोमीटर या अतिनील रेषेत होते. काचेच्या आतील बाजूस दिलेला फॉस्फरचा थर हे अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश देतो. जुन्या जाड नळ्यांत अँटिमनी व मँगनीजयुक्त कॅल्शियम हॅलोफॉस्फेट वापरले जाई; त्याचा वर्णपट दोन रुंद उंचवट्यांचा असून त्यावर पाऱ्याच्या रेषा उभ्या दिसतात. पुढील काळातील सडपातळ नळ्या आणि सीएफएल यांत तीन विरल मृदा फॉस्फर आले. युरोपियममुळे ६११ नॅनोमीटरजवळ तांबडा, टर्बियममुळे ५४३ नॅनोमीटरजवळ हिरवा आणि दुसऱ्या एका युरोपियम संयुगामुळे ४५० नॅनोमीटरजवळ निळा प्रकाश मिळतो. सीडीतून पाहिल्यास सीएफएलचा वर्णपट सुट्या रंगीत पट्ट्यांचा, मध्ये काळी अंतरे असलेला दिसतो. प्रकाश पांढरा, पण वर्णपट तुटक, ही विसंगती पाहून विद्यार्थी हमखास चकित होतात.

४.५ निऑन दीप

वीजतपासणीच्या टेस्टरमधील नारिंगी ठिणगी हा घरोघरी आढळणारा शुद्ध रेषीय स्रोत होय. निऑनच्या ५८५.२, ६१४.३ व ६४०.२ नॅनोमीटर या आणि इतर अनेक रेषा पिवळ्या-तांबड्या भागात दाटीने येतात. नारिंगी दिसणारा सोडियमचा प्रकाश एका जोडरेषेचा, तर निऑनचा डझनावारी रेषांचा असतो.

४.६ पांढरा एलईडी

एलईडीमध्ये इलेक्ट्रॉन व छिद्र यांच्या संयोगातून प्रकाश निर्माण होतो आणि त्याची तरंगलांबी अर्धसंवाहकाच्या ऊर्जा-अंतरावर अवलंबून असते. इलेक्ट्रॉन-व्होल्टमधील ऊर्जेने १२४० ला भागले असता नॅनोमीटरमध्ये तरंगलांबी मिळते. त्यानुसार ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशासाठी सुमारे २.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. एवढ्या ऊर्जा-अंतराचा कार्यक्षम पदार्थ साधणे दीर्घकाळ दुष्कर ठरले होते. गॅलियम नायट्राइडवरील कार्याने ही अडचण दूर केली आणि त्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बाजारातील बहुतेक पांढऱ्या एलईडीत निळ्या प्रकाशाचा एक भाग सीरियमयुक्त पिवळा फॉस्फर शोषतो आणि ५५० नॅनोमीटरच्या आसपास शिखर असलेला रुंद पट्टा उत्सर्जित करतो. उरलेला निळा व हा पिवळा मिळून पांढरा प्रकाश भासतो. वर्णपटात ४५० नॅनोमीटरजवळ उंच, अरुंद निळे शिखर, ४८० नॅनोमीटरजवळ दरी, त्यानंतर रुंद उंचवटा आणि ६५० नॅनोमीटरपलीकडे झपाट्याने उतार असा आकार दिसतो. 'वॉर्म' व 'कूल' एलईडींत फरक असतो तो मुख्यतः निळे शिखर व रुंद उंचवटा यांच्या परस्पर प्रमाणाचा. उबदार छटेसाठी तांबड्या फॉस्फरचीही भर घालतात.

तक्ता क्र. १ : प्रकाशस्रोतांची तुलना (आकडे प्रातिनिधिक)

| स्रोत | वर्णपटाचे स्वरूप | लक्षणीय तरंगलांबी, नॅनोमीटर | रंगदर्शन निर्देशांक |
|---|---|---|---|
| तापदीप्त बल्ब | अखंड, तांबड्याकडे चढता | शिखर सुमारे १०७० (अवरक्त) | १०० च्या निकट |
| सोडियम, कमी दाब | जवळजवळ एक जोडरेषा | ५८९.०, ५८९.६ | अर्थशून्य |
| सोडियम, उच्च दाब | रुंदावलेल्या रेषा, आत्मशोषण | ५८९ च्या दोन्ही बाजूंस | २० ते २५ |
| हॅलोफॉस्फेट नळी | दोन रुंद पट्टे व पाऱ्याच्या रेषा | ४३५.८, ५४६.१ | ७० च्या आसपास |
| त्रिफॉस्फर नळी, सीएफएल | अरुंद पट्टे व पाऱ्याच्या रेषा | ४३५.८, ५४३, ५४६.१, ६११ | ८० ते ८५ |
| पांढरा एलईडी | निळे शिखर व रुंद पट्टा | ४५०, सुमारे ५५० | ७० ते ९५ |

५. पांढरेपणाचा आभास आणि रंगांची पारख

इतके भिन्न वर्णपट डोळ्यांना सारखेच पांढरे का दिसतात? आपल्या दृष्टिपटलात रंगसंवेदी शंकुपेशींचे तीनच प्रकार आहेत. कोणताही वर्णपट, तो कितीही गुंतागुंतीचा असो, मेंदूपर्यंत तीन प्रतिसादांच्या रूपानेच पोहोचतो. ज्या दोन वर्णपटांचे हे तीन प्रतिसाद समान, ते आपणास समान रंगाचे वाटतात. कानाला संमिश्र स्वरातील घटक स्वर वेगळे ओळखता येतात. डोळ्याला तसे करता येत नाही. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाची १९३१ ची रंगमापन पद्धती याच तथ्यावर उभारलेली आहे.

दिव्याकडे थेट पाहताना लपलेला हा भेद वस्तूंवर प्रकाश पडताच उघड होतो. वस्तूकडून डोळ्यांकडे येणारा प्रकाश हा दिव्याचा वर्णपट आणि वस्तूची परावर्तनक्षमता यांचा तरंगलांबीनिहाय गुणाकार असतो. दिव्यात जी तरंगलांबी नाही, ती वस्तू परावर्तित करूच शकत नाही. कमी दाबाच्या सोडियम दिव्याखाली तांबडे कापड तपकिरी-काळे आणि निळे कापड काळे दिसते, ते यामुळेच. साडीच्या दुकानात पसंत केलेला रंग ग्राहक दाराशी नेऊन उजेडात पाहतो. या व्यवहारी शहाणपणामागे हेच शास्त्र आहे. दुकानातील दिव्याखाली जुळणारे साडी व खणाचे रंग उन्हात न जुळण्याचा संभव असतो.

ही गुणवत्ता एका आकड्यात सांगण्यासाठी रंगदर्शन निर्देशांक वापरतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो सीआरआय या नावाने परिचित आहे. मध्यम गडदपणाच्या आठ नमुना रंगांवरून त्याची सरासरी काढली जाते. गडद तांबड्या रंगाचा नववा नमुना या सरासरीत धरला जात नाही. पिवळ्या फॉस्फरवर विसंबलेल्या स्वस्त एलईडीत नेमका गडद तांबडा भागच क्षीण असल्याने निर्देशांक ८० असूनही कुंकू, डाळिंब किंवा त्वचेतील लाली निस्तेज दिसू शकते. म्हणून निर्देशांकासोबत नवव्या नमुन्याचे मूल्य स्वतंत्रपणे विचारणे इष्ट ठरते.

६. महाविद्यालयीन कार्याशी संबंध

अ) रसायनशास्त्र : मिथिल ऑरेंजचे आम्लातील तांबडे रूप सुमारे ५०८ नॅनोमीटरला, तर अल्कलीतील पिवळे रूप सुमारे ४६५ नॅनोमीटरला सर्वाधिक प्रकाश शोषते. हा संपूर्ण बदल एलईडीच्या वर्णपटातील दरीच्या परिसरात घडतो. दिव्यात मुळातच कमी असलेला प्रकाश शोषला गेला किंवा न गेला, तरी डोळ्यांना जाणवणारा फरक तेवढा कमी होतो. त्यामुळे अनुमापनाची मेजे शक्य तो खिडकीच्या प्रकाशात ठेवावीत, किंवा तेथे उच्च रंगदर्शन निर्देशांकाचे दिवे बसवावेत.

आ) वनस्पतिशास्त्र : हरितद्रव्य मुख्यतः निळा व तांबडा प्रकाश शोषते, लक्समापक मात्र हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक महत्त्व देतो, कारण तो मानवी डोळ्यानुसार घडविलेला असतो. हायड्रिलाच्या बुडबुड्यांचा प्रयोग समान लक्स राखून एकदा तापदीप्त बल्बखाली आणि एकदा एलईडीखाली केला, तर वनस्पतीला मिळणारा उपयुक्त प्रकाश समान राहत नाही. जुन्या प्रयोगवह्यांतील निष्कर्षांशी नव्या दिव्यांखालील निष्कर्षांची तुलना करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

इ) ग्रंथालय व संग्रहालय : ट्यूबलाईटच्या काचेतून २५३.७ नॅनोमीटरचे किरण बाहेर पडत नाहीत. तथापि पाऱ्याच्या ३६५ नॅनोमीटर या अतिनील रेषेचा काही अंश बाहेर येतो आणि कागद, शाई व रंग यांच्या ऱ्हासास हातभार लावतो. सामान्य पांढऱ्या एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात. हस्तलिखितांच्या दालनासाठी एलईडी ही स्पष्ट सुधारणा आहे. तरीही निळा प्रकाशदेखील नाजूक रंगद्रव्यांना अपायकारक असल्याने उबदार छटेचे दिवे आणि मर्यादित प्रकाशन हेच श्रेयस्कर.

ई) चित्रकला, वस्त्रनिर्मिती व गृहविज्ञान : येथे रंगांची पारख हेच कार्य असल्याने ९० वा त्याहून अधिक निर्देशांकाचे दिवे ही चैन नसून गरज आहे.

उ) परिसर व आकाशदर्शन : वातावरणातील रेणूंमुळे होणारे विकिरण तरंगलांबीच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे ४५० नॅनोमीटरचा प्रकाश सोडियमच्या प्रकाशाच्या तुलनेत सुमारे २.९ पट अधिक विखुरतो. सोडियमचा प्रकाश अरुंद पट्ट्यात एकवटलेला असल्याने खगोलशास्त्रज्ञ तो गाळणीने बऱ्याच अंशी वगळू शकत. एलईडीचा रुंद वर्णपट असा वगळता येत नाही. पुण्यातील आयुका या संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून गिरवली येथे आहे. शहरापासून दूर जागा निवडण्यामागे काळोखाची हीच गरज असते. महाविद्यालयाच्या आवारातील दिवे उबदार छटेचे आणि खाली झाकलेले असावेत, एवढी काळजी प्रत्येक संस्था घेऊ शकते.

ऊ) भौतिकशास्त्र : पारायुक्त दिवे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे निर्णय मिनामाता कराराच्या सदस्य राष्ट्रांनी घेतले आहेत. त्यांनुसार सर्वसाधारण वापराच्या लहान सीएफएलसाठी २०२५, तर सामान्य ट्यूबलाईटसाठी कमाल २०२७ हे वर्ष ठरविण्यात आले. पाऱ्याच्या विषारीपणाचा विचार करता हे योग्यच आहे. परंतु त्यामुळे तरंगलांबी ठरविण्यासाठी सहज मिळणारा प्रमाण-स्रोत बाजारातून नाहीसा होत आहे. विभागांनी चालू स्थितीतील दोन-तीन सीएफएल व एखादी जुनी नळी अध्यापन-साहित्य म्हणून जपून ठेवावी. त्या फुटणार नाहीत अशा रीतीने ठेवणे आणि निकामी झाल्यावर साध्या कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन केंद्राकडे देणे, ही जबाबदारीही त्यासोबत येते.

७. समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, प्रकाशाचा रंग आणि त्याचा वर्णपट या भिन्न गोष्टी असून पहिलीवरून दुसरीचे अनुमान करता येत नाही. दुसरी, तप्त तारेच्या अखंड वर्णपटाकडून रेषीय व पुढे फॉस्फर-आधारित वर्णपटाकडे झालेला प्रवास हा मुख्यतः डोळ्याला न दिसणाऱ्या तरंगलांबींवरील ऊर्जाखर्च टाळण्याचा प्रवास आहे. बचतीची किंमत मात्र काही प्रमाणात रंगांच्या यथार्थतेत मोजावी लागते. तिसरी, ही किंमत सर्व ठिकाणी सारखी नाही. मार्गिकेत वा वाहनतळावर ती नगण्य आहे. अनुमापनाच्या मेजावर व चित्रकलेच्या वर्गात ती नगण्य नाही.

म्हणून दिव्यांच्या खरेदीसाठी निविदा मागविताना वॅट व ल्युमेन यांसोबत रंगतापमान, रंगदर्शन निर्देशांक, नवव्या नमुन्याचे मूल्य आणि उत्पादकाने दिलेला वर्णपटाचा आलेख यांचीही मागणी करावी. खरेदी समितीत भौतिकशास्त्राच्या अध्यापकाबरोबरच रसायनशास्त्र, चित्रकला व ग्रंथालय यांच्या प्रतिनिधींचे मत घ्यावे. मागविलेला नमुना-दिवा सीडीच्या खोक्यातून विद्यार्थ्यांनाच तपासू द्यावा. त्यातून संस्थेला योग्य दिवा मिळेल आणि ज्या प्रकाशात आपण वाचतो, लिहितो व प्रयोग करतो तो कशाचा बनला आहे, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येईल.